कॅमेऱ्यामागची पावलं

१

फिटरला नवी वस्तू आवडत नसे. जुनी आवडायची असंही नाही. जुनी बिघडली तर उघडता येते, नवी बिघडली की फेकावी लागते, आणि फेकायच्या वस्तूला घरात जागा द्यायची कशाला, एवढंच त्याचं म्हणणं.

उमेदीची सगळी वर्षं तो कारखान्यात फिटर होता. निवृत्त होऊन जमाना झाला तरी दुकानात, दवाखान्यात, जिन्यात भेटणाऱ्यांच्या तोंडी तो फिटरच राहिला. यंत्र बघायच्या आधी ऐकायचं, ही त्याची रीत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. आतली एक गोळी जरी खराब असली तरी ती हाडातून सांगते. दुसरी रीत म्हणजे मेन स्विच. काही वेडंवाकडं दिसलं की विचार नंतर, आधी मेन स्विच खाली. ही दुसरी रीत तो महागात शिकला होता. लग्न नवं असताना विजेच्या चेनपुलीवरून गिअरबॉक्स घसरू लागला आणि स्विचपाशी उभा असलेला गडी विचार करत राहिला. फिटरच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं आणि डावा पाय तेव्हापासून ओढत चालू लागला. त्याने त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. पाय ओढतो तर ओढतो.

बायकोचे डोळे काचबिंदूने गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. एके काळी ती इतकी बोलायची की शेजारी भिंतीला कान न लावता बातम्या ऐकायचे. डोळे गेले आणि तोंडही मिटलं. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत दिवसभर बसून राहायची. ताटातले दोन घास खायची आणि ताट सारायची. फिटर बाहेरून आला की फरशीवर घासणारा पाय ऐकून "आलात?" म्हणायची. दिवसभरात तेवढा एकच शब्द.

मग मेव्हण्याची मुलगी एका सुट्टीच्या दुपारी काहीतरी घेऊन आली. ती कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची.

"हे काय? साबणाची डबी?" फिटर म्हणाला.

"आतोबा, कॉम्प्युटर आहे हा."

"आणि पेटी कुठे राहिली त्याची?"

"हाच अख्खा. एकाच पाटीवर सगळं. टीव्हीच्या मागे चिकटवते, की झालं."

"पंखा?"

"नाही. फिरणारं काहीच नाही आत."

"फिरणारं काही नाही तर चालतो कसा?"

"चालत नाही आतोबा, चालवून दाखवतो."

तिने डबीत नखाएवढं एक कार्ड सरकवलं. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या, माळ्यावर पडलेल्या टेपा ती मागे कधीतरी घेऊन गेली होती. त्या सगळ्या आता त्या कार्डात होत्या. एका दुकानातून त्या उतरवून घेतल्या आणि लावायचं यंत्र घरी कोणाकडे नाही म्हणून टेपा तिने भंगारात दिल्या. तो कॅमेरा मेव्हण्याचा होता. मेव्हणा सुट्ट्यांत बायकोपोरीला घेऊन इथे यायचा आणि बहिणीच्या घरातलं दिसेल ते त्यात भरायचा.

"दिसणार नसलं तरी आत्याला ऐकू येईल," पोरगी म्हणाली. "आणि एक नीट ऐका. पिन एकदम ओढायची नाही. आधी रिमोटवरून बंद कर म्हणून सांगायचं, हिरवा दिवा गेला की मग पिन. चालवायला बाहेर काढलेलं परत जागेवर ठेवायला त्याला वेळ लागतो. मधेच ओढलीत तर आतलं सगळं जातं, आणि बाहेर काढलेलं बाहेरच राहतं."

"माझ्या कारखान्यात असलं यंत्र आलं असतं तर परत पाठवलं असतं मी," फिटर म्हणाला. पण हिरवा दिवा कुठला ते त्याने वाकून बघून घेतलं.

२

चार वाजता चहा, आणि चहानंतर डबी. आठवडाभरात घराला ते वळण लागलं.

फिटर रिमोट घेऊन बायकोशेजारच्या खुर्चीत बसायचा. पडद्यावर जुनं घर यायचं. घर तेच, पण रंग निराळा, सामान निराळं, माणसं काळ्या केसांची. मेव्हण्याने काढलेलं बघून बोट लागावी इतकं ते हलायचं. मधूनच त्याचा अंगठा पुढे यायचा आणि सगळं लाल व्हायचं.

बायको नुसती ऐकायची. पण ती ऐकायची म्हणजे काय ऐकायची!

"हा दादा. घोट्याचं हाड वाजतंय बघा."

"ही वहिनी. चप्पल फटफट करत चालते, सवत मेल्यासारखी."

"तो जुना पंखा! अजून कुरकुरतोय. तुम्ही त्याला तेल घालणार होतात."

"घातलं होतं."

"कुठलं घातलंत! त्यानंतर तो जास्त ओरडायला लागला."

फिटर हसला. स्वतःचं हसू ऐकून तोच दचकला. त्या रात्री बायकोने ताट रिकामं केलं. वर म्हणाली, मीठ कमी पडलं. मीठ कमी पडल्याची तक्रार ऐकून इतका आनंद झालेला नवरा त्या इमारतीत दुसरा नसेल.

ती बोलायला लागली. सकाळी उठल्यापासून चारची वाट बघायची. केस विंचरून बसायची. ही डबी आहे तोवर बायको आहे, हे फिटरला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने डबीवरची धूळ रोज फडक्याने पुसायला घेतली. ज्याने कधी स्वतःच्या चष्म्याची काच पुसली नाही, त्याने.

३

एका दुपारी घराला रंग दिला होता तेव्हाचं लागलं.

खोलीच्या मधोमध ढीग केलेलं सामान, वर चादरी. फिटर शिडीवर, हातात ब्रश. खाली मेव्हणा दोन्ही हातांनी शिडी धरून उभा आणि गंमत म्हणून ती हलवतोय. "पडेन रे गाढवा!" असं वरून फिटर ओरडतोय. मेव्हण्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आत येते. पोरगी, तेव्हा दात यायचे होते तिला, जमिनीवर वर्तमानपत्र खातेय. भिंतीशी बायको, नाकावर रंग, पोट धरून हसतेय.

फिटर बघत होता आणि त्यालाही हसू येत होतं. अंगठा मधे आला नाही, चित्र हललं नाही, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. चित्र कसं तेलावर चालल्यासारखं शिडीला वळसा घालून गेलं.

मग त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने मनात माणसं पुन्हा लावून पाहिली. मी शिडीवर. मेव्हणा खाली. वहिनी, पोरगी, ही. घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. रंगारी परवडत नव्हता म्हणून तर घरच्यांनी रंग काढला होता.

चित्र बायकोसमोर जाऊन थांबलं. पडद्यावरच्या बायकोने नाकावरचा रंग मनगटाने पुसला, वर पाहिलं आणि हसली. ते हसू फिटरला ओळखीचं होतं. ते ती चारचौघांत हसायची नाही. ते एकाच माणसासाठी होतं, आणि तो माणूस त्या वेळी पाठमोरा शिडीवर उभा होता.

शेजारी खुर्चीत म्हातारी बायको हलकेच म्हणाली, "किती छान चालायचात हो तुम्ही."

"मी?"

"मग कोण? कॅमेरा घेऊन चालताय ना. अनवाणी. दोन्ही पाय कसे सारखे पडतायत." तिने खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. टप, टप, टप, टप. "गिअरबॉक्स पडायच्या आधीची तुमची चाल. मी विसरलेच होते."

कॅमेरा या घरात आला तो गिअरबॉक्सनंतर कितीतरी वर्षांनी. फिटरने आयुष्यात तो हातात धरला नव्हता. बोट आखूड, बटण दाबता येत नाही, म्हणायचा.

तो हे सगळं सांगणार होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज थोडा वाढवला.

४

दुसऱ्या दिवशी त्याने गॅलरीत जाऊन मेव्हण्याला फोन लावला.

"रंग काढला तेव्हा कॅमेरा कोणाकडे होता रे?"

"माझ्याकडे. नाहीतर तुमच्याकडे, भावजी."

"मी शिडीवर आहे. तू खाली माकडचाळे करतोयस."

"मग हिच्याकडे असेल."

"तिच्या हातात ट्रे आहे."

"मग पोरीने धरला. तिला लहानपणापासून मशीनची आवडच."

"पोरगी पेपर खातेय."

मेव्हणा पोटभर हसला. "अहो, ठेवला असेल कपाटावर नेम धरून."

"कपाट चालत जाऊन तुझ्या बहिणीसमोर उभं राहतं का?"

"भावजी, डोळे तपासून घ्या," मेव्हणा म्हणाला. "एका घरात एकाचे गेले तेवढे पुरे."

फिटरने फोन ठेवला. सल्ला वाईट नव्हता. म्हातारं माणूस, दुपारचं ऊन पडद्यावर, डोक्यात भलतंच शिरायला वेळ लागत नाही. बायको जेवून आत पडली होती. त्याने आवाज बंद करून डबी लावली आणि एकेक उघडून पाहू लागला.

मेव्हण्याने काढलेलं लगेच कळायचं, अंगठ्यावरून. पण मधे मधे ते दुसरं होतं. न हलणारं. एकात फिटर कुलूप दुरुस्त करतोय, पाठमोरा, आणि चित्र त्याच्यावर थांबत नाही, त्याला ओलांडून स्वयंपाकघरात जातं, बायको असते तिथे. एकात तो पलंगावर तापाने पडलाय. चित्र त्याच्या डोक्यावरून जाऊन पलीकडे बसलेल्या बायकोवर टेकतं. त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. खुर्ची ओलांडावी तसं त्याला ओलांडत होतं.

शेवटी एक होतं, त्यात बायको वेताच्या खुर्चीत बसलेली होती. काळा चष्मा लावून.

फिटर उठला, पाय ओढत पडद्यापाशी गेला. काळा चष्मा डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा. कॅमेरा त्याच्या कितीतरी आधी बिघडून भंगारात गेला होता. त्याने स्वतः दिला होता, उघडून बघून, दुरुस्त होत नाही म्हणून शिव्या देऊन.

त्याने पोरीला फोन केला.

"या डबीला कॅमेरा आहे का?"

"नाही हो. ना डोळा, ना कान. दिलेलं दाखवते फक्त."

"तू टाकलंस त्यात आत्या काळ्या चष्म्यात आहे का कुठे?"

"काळा चष्मा? आतोबा, टेपा कधीच्या आहेत त्या! बरी आहे ना आत्या?"

"उत्तम आहे. मीठ मागते."

"मग झालं तर. तुम्हाला खटकत असेल तर घेऊन जाते डबी, पुसून परत आणते."

आतून बायकोची हाक आली. "अहो, वाजले का चार?"

"राहू दे," तो फोनमध्ये म्हणाला.

५

यंत्र बघायच्या आधी ऐकायचं. ते त्याने अजून केलं नव्हतं.

सकाळची वेळ होती. बायको उन्हाला तोंड करून खुर्चीत बसली होती, मांडीवर हात. टीव्ही बंद. डबीचा हिरवा दिवा मात्र लागलेला, तो नेहमीच लागलेला असायचा. फिटरने अवजारांच्या पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. आपण काय करतोय ते कळलं तर कारखान्यातली पोरं पोट धरून हसली असती. पंखा नाही, फिरणारं काही नाही, तिथे ऐकणार काय? ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तसं काहीतरी असेल. त्याने टोक डबीवर टेकवलं, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले.

गुणगुण नव्हती.

खोली होती. रिकाम्या हौदात डोकं घातल्यावर जशी जागा कानाला कळते तशी. वेत करकरला. बांगडी किणकिणली. खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल खडखडत गेली. आणि खोलीतून कोणीतरी चालत होतं, अनवाणी, न घाईने. टप, टप, टप, टप. खिडकीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. माणूस आपल्या घरात चालतो तसं.

फिटरने ओढत्या पायाचा आवाज येतो का ते बराच वेळ ऐकलं. तो त्या खोलीत कुठेच नव्हता.

त्याने डोळे उघडले. बायको हलली नव्हती. तिचे हात मांडीवरच होते. फक्त मान हळूहळू फिरत होती, खिडकीकडून दाराकडे, दाराकडून खिडकीकडे, कोणाच्या तरी चालण्याबरोबर.

"काय करताय?" तिने विचारलं.

"काही नाही. धूळ पुसतोय."

"मग फेऱ्या कशाला मारताय? बसा की."

फिटर टीव्हीमागे गुडघ्यावर होता.

६

त्याने डबी लावणं बंद केलं. कार्ड गरम होतंय, म्हणाला. पोरगी येऊन बघेल, म्हणाला. पिन काढायचं मात्र त्याच्याने झालं नाही. पिन काढली आणि ही परत पहिल्यासारखी झाली तर? नुसतं न लावता भागतंय तर भागवावं. विषाची परीक्षा कशाला?

बायकोने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी तिने अर्धं ताट सारलं. मग दोन घासांवर आली. केस विंचरायची राहिली. चार वाजले की मान उचलायची, थोडी थांबायची आणि परत खाली घालायची. फिटरने गप्पा मारून पाहिल्या. त्याला गप्पा येत नसत. पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, पुन्हा पाण्याची मोटर. ती हो म्हणायची.

एका दुपारी तो फार्मसीतून तिची औषधं घेऊन आला. पाय घासत खोलीत शिरला, पिशवी ठेवली. "आलात?" हा शब्द आला नाही.

त्याने पिशवीतून औषधाची बाटली काढली आणि ती हातात धरूनच तो म्हणाला, "लावू का ते?"

तिचा चेहरा असा उजळला की त्याला दुसरीकडे बघावं लागलं.

"रंगाचं लावतो. नाहीतर पोरीच्या वाढदिवसाचं."

"नको हो जुनं," ती म्हणाली. "कालचं लावा."

"कालचं?"

"काल चार वाजता तुम्ही माझ्या मागे येऊन उभे होतात ते. किती वेळ उभे होतात. काही बोलला नाहीत." ती हसली. ते चारचौघांत न हसायचं हसू. "मला कळतं हो."

काल चार वाजता फिटर गॅलरीत कपडे वाळत घालत होता.

त्याने रिमोट उचलला. उजव्या हातात रिमोट, डाव्या हातात औषधाची बाटली, तशीच धरलेली. यादीत खाली गेला. यादी त्याच्या ओळखीची होती. तिच्या शेवटी पूर्वी काही नसायचं, आता होतं.

७

हीच खोली. हाच रंग, भिंतीवरच्या ओलीचा डाग तोच. खुर्चीत बायको, पाठमोरी, न विंचरलेले केस. तिच्या पलीकडे उघड्या दारातून गॅलरी दिसत होती. तिथे एक म्हातारा दोरीवर चादर टाकत होता, वाकून, पाय ओढत. चादर एका बाजूला जास्त लोंबत होती. फिटरने ती अजून नीट केली नव्हती.

चित्र पुढे सरकलं. टप, टप. म्हातारा पडद्याच्या कडेला गेला. अजून थोडं पुढे. म्हातारा कडेबाहेर गेला आणि परत आला नाही.

आता नुसते बायकोचे केस, मान, खांदा. इतक्या जवळून तिला एकच माणूस बघत आला होता. चित्र थांबलं. श्वास ऐकू येत होता. पडद्यातला की खोलीतला, ते फिटरला ठरवता येईना. आपलाच असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि श्वास रोखून धरला. श्वास चालूच राहिला.

"आलात?" बायको म्हणाली. पडद्यावरची नाही. खुर्चीतली.

पडद्याच्या खालच्या कडेने एक हात आत आला. उजवा हात. फिटरने तो लगेच ओळखला. तळहात रुंद, अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा डाग, उमेदवारीच्या दिवसांतला. माणूस आपला हात ओळखतोच. बोटं मात्र सगळी पुरी होती. पहिलं बोट नखापर्यंत धडधाकट. त्या बोटाने बायकोच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि मग हात तिच्या खांद्यावर टेकला.

फिटरने पडद्यावरून नजर काढून खुर्चीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. बायकोने गाल खांद्याकडे झुकवला होता, हातावर टेकवावा तसा. आणि खांद्यावरचं कापड दबलेलं होतं.

पुढचं त्याने ठरवून केलं नाही. गड्याने तेव्हा विचार केला होता, फिटरने केला नाही. औषधाची बाटली फरशीवर फुटली, तो टीव्हीमागे पोचला आणि पिन खेचून काढली.

पडदा काळा झाला. हिरवा दिवा विझायच्या आधी एकदा लुकलुकला, काहीतरी विचारावं तसा.

खोलीत औषधाचा वास पसरला. फिटर पिन हातात धरून उभा होता. खांद्यावरचं कापड वर येईल म्हणून तो वाट बघत राहिला.

८

पोरगी येऊन गेली. कार्ड तिने आपल्या मशीनला लावलं, फुंकर मारली, परत लावलं.

"आतोबा, एवढी एकच गोष्ट सांगितली होती."

"तुझ्याकडे आहे का दुसरं?"

"नाही ना. जागा नव्हती म्हणून काढून टाकलं. गेलं सगळं." ती आत्यापाशी जाऊन बसली. "आत्या, सॉरी गं. तुझ्या आवडीचं एवढं..."

"असू दे गं," आत्या म्हणाली. "त्याचं काय काम आता?"

पोरीने फिटरकडे पाहिलं. जाताना तिने रिकामी डबी पिशवीत टाकली. जिन्यात ती हळूच म्हणाली, "आत्या पुष्कळच सावरली हो. मला वाटलं होतं, रडून घर डोक्यावर घेईल."

सावरली होती हे खरं. ताट रिकामं करायची. सकाळी केस विंचरायची, वेणी घालायची. स्वयंपाकघरात भांडी घासताना फिटरला तिचं बोलणं ऐकू यायचं. पंख्याचं, वहिनीच्या चपलेचं, सगळं जुनं. मधे थांबायची, ऐकल्यासारखं, मग खुदकन हसायची. म्हातारपणी माणूस स्वतःशी बोलतं, फिटर म्हणायचा. आपणही मोटरशी बोलतोच की. चार वाजता ती दोन कप मागायची. त्यातला एक ती प्यायची. दुसरा निवायचा. फिटर स्वयंपाकघरात उभ्यानेच आपला तिसरा कप प्यायचा. शेजारच्या खुर्चीत बसायचं त्याने सोडलं होतं. का सोडलं, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. एकदा बसायला गेला होता आणि खुर्चीचा वेत गरम लागला होता. खिडकीतून ऊन येतं, त्याने लागलं असेल.

एके दिवशी तो भाजी घेऊन आला. दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, जुन्या दिवसांतला, भरभर, लाडिक. फिटर दारात थांबला. तिचा हा आवाज त्याने किती तरी वर्षांत ऐकला नव्हता. बरं वाटलं त्याला, हे कबूल करायला हवं. पिशवी सांभाळत, पाय घासत तो आत आला.

बोलणं थांबलं.

ऊन खुर्च्यांवर आलं होतं. बायको त्याच्याकडे तोंड करून बसली होती, मान थोडी वाकडी करून, परक्याच्या पायाचा आवाज ऐकावा तशी. तो "आलात?"ची वाट बघत उभा राहिला.

"कोण?" ती म्हणाली.

"मी."

ती जरा वेळ ऐकत राहिली. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. मग तिने शेजारच्या खुर्चीकडे तोंड वळवलं आणि घरात आलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"अहो, बघा बरं जरा. पाय ओढत कोणीतरी आत आलंय."